छकुलीचा बाप

माझ्या धाकट्या भावाला बर्नआउट झाला, हे मला त्याच्या ब्लॉगवरून कळलं. राहतो माझ्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर. पण एक जिना उतरून सांगणं काही त्याला जमलं नाही. जगाला मात्र सांगून झालं होतं, ‘आपण सगळेच कधी ना कधी आतून रिकामे होतो.’ मी वर गेले आणि विचारलं, “आपण म्हणजे कोण रे? मी नाही झाले.”

“ताई, तुला नाही कळायचं. तुझं काम वेगळं आहे.”

माझं चष्म्याचं दुकान आहे. माणसं येतात, खालची ओळ दिसत नाही म्हणून माझ्याशीच भांडतात, चष्म्यावर स्वतः बसतात आणि काडी तकलादू होती म्हणतात. मला वैताग आला की मी शटर ओढते आणि घरी येऊन झोपते. पण वैतागावर लेख होत नाही, बर्नआउटवर होतो.

त्याला घरात सगळे पंडित म्हणतात. शाळेत निबंधात पहिला यायचा, तेव्हापासून डोक्यात हवा गेली ती गेलीच. दोन नोकऱ्या ‘माझा श्वास कोंडतो’ म्हणून सोडल्या आणि घरी बसून लिहायला लागला. पोटापाण्यासाठी गादीच्या कंपनीला ‘पाठदुखीची सात कारणं’, टूथपेस्टवाल्यांना ‘हसा, पण मोकळेपणानं’, असलं काहीबाही. खरी कमावती माझी भावजय. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि घरी आल्यावर आमच्या पंडिताचं डोकं. ब्लॉग मात्र त्याचा स्वतःचा, त्याच्या आत्म्याचा वगैरे.

आणि हा आत्मा सगळा चालायचा एका पोरीच्या जिवावर. मुलगी झाली आणि ब्लॉग सुरू झाला. तिचं नाव त्यात ‘छकुली’. छकुलीचा पहिला दात, छकुली देवाला काय म्हणाली, छकुलीनं बापाला आयुष्याचा अर्थ कसा सांगितला. ‘आज छकुली म्हणाली’ असं वाक्य पडलं की खाली लाल बदामांचा सडा. पोर बोलणार, बाप टिपणार. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण पोटच्या पोरीला राबवून स्वतः दमलेला हा एकच.

मग पोरगी बारा वर्षांची झाली आणि तिच्या वर्गाला ब्लॉग सापडला. त्यात तिनं सहाव्या वर्षी अंथरूण ओलं केल्याची हकीकत होती, ‘छकुलीच्या गादीवरचा नकाशा’. अगदी हळुवार लिहिली होती म्हणे. गादीच्या कंपनीनं ती आपल्या पानावरही लावली होती. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिचं नाव पडलं ‘नकाशा’. भूगोलाच्या तासाला बाईंनी नकाशा उघडा म्हटलं की सगळा वर्ग खिदळायचा.

ती घरी आली, दार लावून घेतलं, आणि बापाशी बोलणं बंद केलं. भांडली नाही, रडली नाही. ‘हो’, ‘नाही’, ‘जेवले’, यापलीकडे त्याच्या कानावर अक्षर पडू द्यायचं नाही. तो खोलीत आला की चालू वाक्य गिळायची. आईनं समजावलं, ‘बाबानं काढून टाकलंय ते.’ काढलं होतंच. पण वर्गाच्या डोक्यातून कसं काढणार?

आणि बरोबर त्याच सुमाराला आमच्या पंडिताला सुचेनासं झालं! कुठे लागलं आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. याला नाही दिसलं. त्याच्या मते दोष खुर्चीचा होता. नवी खुर्ची आली. मग उभं राहून लिहायचं टेबल आलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मग झाडाशी बोलायला एक कुंडी. मग मोबाइलचा उपास: फोन कपाटात कोंडला, आणि बायकोच्या फोनवरून त्या कपाटाचा फोटो काढून ब्लॉगवर टाकला.

खोटं बोलणार नाही, तो खरंच वाळला होता. दाढी वाढलेली, समोर कोरा पडदा, आणि हात गालाला. मला एकदा म्हणाला, “ताई, मला दुसरं काहीच येत नाही गं.” मी म्हटलं, “पोरीशी बोल.” तर म्हणतो, “ती कुठे बोलते हल्ली? तिच्याकडूनच तर मला काही मिळेनासं झालंय.”

मिळेनासं! दूधवाला म्हशीबद्दल बोलतो तसं.

पोरगी शाळा सुटली की माझ्या दुकानात यायची. नजर तपासायच्या स्टुलावर बसून गिरक्या घ्यायची आणि अखंड बोलायची. एके दिवशी थांबली आणि म्हणाली, “आत्या, मी बाबाशी बोलावं असं तुला वाटतं ना?”

“वाटतं.”

“मग मी त्याला एक गोष्ट सांगते. फक्त त्याला. वर सांगते, की ही आपल्या दोघांतच ठेव. त्यानं ठेवली तर बोलीन. तू मध्ये पडायचं नाही. शपथ घे.”

“खरी गोष्ट?”

“वेडी आहेस का? खरी कशाला देऊ?” मग विचारात पडली. “मुंगी घेऊ की गोगलगाय?”

“मुंगी फार जुनी झाली,” मी म्हटलं. शपथ घेतलेली असली तरी सल्ला द्यायला बंदी नव्हती.

तर गोगलगाय ठरली. बापाला सांगायची गोष्ट अशी: वर्गाच्या भिंतीवर एक गोगलगाय. सकाळी दाराशी होती, शाळा सुटेपर्यंत खिडकीपाशी पोचली. मी तिला विचारलं, दमलीस का गं? मग माझं मलाच कळलं, बाबा, ती दमत नाही, कारण तिला कुणी ‘कुठपर्यंत आलीस’ असं विचारतच नाही. तिचा वर्ग खरा तिसऱ्या मजल्यावर, भिंतींना वरपर्यंत फरशा. गोगलगाय तिथं लिफ्टनं आली असती तरच.

तिनं सांगितली. मला म्हणाली, ऐकताना बाबाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जिंकला माझा भाऊ. रोज दुकान उघडायच्या आधी मी ब्लॉग उघडायचे. काही नाही दिसलं की जीव भांड्यात पडायचा. गिऱ्हाइकांशीही मी तेवढे दिवस गोड वागले.

आठवडा काही त्यानं काढला नाही. ‘गोगलगाय दमत नाही’. खाली बदाम, टाळ्या, रडणारी तोंडं. गादीवाल्यांचा लगेच फोन.

शपथ गेली खड्ड्यात. मी वर गेले. पठ्ठ्या दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. “वचन दिलं होतंस ना रे?” म्हटलं. तर म्हणतो, “ताई, यात तिची बदनामी कुठे आहे? किती सुंदर आहे ते!”

“ते खोटं आहे. तिनं रचलं होतं. तू पोटात ठेवतोस का, एवढंच तिला बघायचं होतं.”

मला वाटलं, आता तरी मान खाली जाईल. तर त्याचा चेहरा हळूहळू उजळला. “रचलं? तिनं स्वतः? बारा वर्षांची पोर बापाची परीक्षा घेते... ताई, अगं, हे केवढं मोठं आहे!” आणि हात गेला कीबोर्डकडे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही जाईल की नाही, शंका आहे. दारात पोरगी उभी होती, दप्तर पाठीवर. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, बोटांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ‘माझ्या लेकीनं मला पकडलं’. त्यात त्यानं मनापासून माफी मागितली, हजारो लोकांची. जिची मागायची ती शेजारच्या खोलीत गृहपाठ करत होती. ‘असा प्रामाणिक बाप सगळ्यांना मिळो,’ असं कुणा बाईनं खाली लिहिलं. मला त्या बाईच्या डोळ्यांचा नंबर काढावासा वाटला.

पण त्यानंतर नवल घडलं. पोरगी बोलायला लागली. रोज बापाच्या खुर्चीच्या हातावर बसून एक गोष्ट. कधी बसमधला म्हातारा, कधी वर्गात शिरलेली चिमणी. पंडिताचा बर्नआउट कुठल्या कुठे पळाला. भावजय सुखावली, मला म्हणाली, “ताई, बापलेकीचं पुन्हा छान जमलं बघा.” मी म्हटलं, “हो.” काय सांगणार होते?

परवा पोरगी आधी घरी जाऊन मग दुकानात आली, ती स्टुलावर बसलीच नाही. काउंटरच्या मागे, माझ्या पायाशी येऊन बसली आणि हुंदके द्यायला लागली. वर्गात तिची एकच मैत्रीण होती. तीही त्या दिवशी सगळ्यांबरोबर ‘नकाशा’ म्हणून ओरडली होती. मी अर्धं शटर ओढलं आणि तिला जवळ घेतलं. बऱ्याच वेळानं विचारलं, “बाबाला सांगितलंस?”

“सांगितलं ना.” तिनं बाहीला नाक पुसलं. “म्हटलं, मी आणि ती आज भांडलो, आणि मग एकाच छत्रीतून घरी आलो. खूप आवडलं त्याला. लिहितोय.”