काकांच्या कुत्रीची दवंडी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी अभिमानानं सांगतो. पुढं वकिलीही केली. पण कायद्याचं खरं नवल वाटलं ते त्याच्याआधी, निजामाच्या राज्यात, एका उन्हाळी सुट्टीत.

माझे काका लहानपणी देवी येऊन दोन्ही डोळ्यांनी आंधळे झालेले. अंबाडीचे दोर, कासरे, दावी वळायचे आणि वाटूरच्या बाजारात बसून विकायचे. बाजाराला न्यायची ती त्यांची तांबडी कुत्री. तिच्या गळ्यात काकांनीच वळलेला पट्टा, त्याला आखूड दोरी आणि दोरीचं टोक काकांच्या डाव्या मुठीत, उजव्या हातात काठी. पिल्लू असताना त्यांनीच तिला शिकवलं. वाटेत कशाला धडकले की काका तिथंच फतकल मारून बसायचे. मारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, नुसते बसून राहायचे. पिल्लाला पुढं जायची घाई. काका धडकले की आपलंही चालणं थांबतं, हे ते असं शिकत गेलं.

त्या उन्हाळ्यात पिसाळलेली कुत्री फार झाली. शेजारच्या गावात एक पोर दगावलं. कचेरीची दवंडी फिरली: कुत्री घरी बांधा, बाहेर दिसेल ते मारलं जाईल. पोर गेल्यावर कोण काय बोलणार? काकूनं कुत्री गोठ्यात बांधली आणि काका ओट्यावर बसले. बाजाराचा दिवस आला, गेला.

"मी नेतो ना तुम्हाला," मी म्हणालो.

"तू सुट्टी सरली का जाशील हैदराबादला. मंग?" काका म्हणाले. "आन् तुझ्यासंग गेलो का लोक तुझ्याशी बोलतेत. हिच्यासंग गेलो का माझ्याशी बोलतेत."

मग काकाच म्हणाले, "उर्दू शिकून राह्यलास ना? चल मंग, तहसीलदारालाच पुसू."

कुत्री गाडीत कडब्याखाली झाकून तालुक्याला नेली. कचेरीच्या दारात चपराशानं अडवलं. "कुत्ता अंदर नहीं."

"मंग साहेबाला बाहेर बोलव."

"क्यूं, साहेब तेरे नोकर हैं?"

"न्हाई बाबा. पण बाहेर सावली चांगली हाय."

आतून हसू ऐकू आलं आणि तहसीलदार साहेबच ओसरीवर आले. सडपातळ, काळी शेरवानी, वयानं काकांएवढे. मी सगळं मांडलं, आणि चांगल्या उर्दूत मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हर मालिक को अपना कुत्ता सयाना लगता है. उस बच्चे को घर के कुत्ते ने ही काटा था."

काकांची मूठ दोरीवर आवळली. साहेब ओसरी उतरून आवारातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले. तिथून म्हणाले, "यहाँ तक आव."

"चल," काका कुत्रीला म्हणाले.

वाटेत एक बैलगाडी सोडून ठेवलेली होती. मागं कलंडलेली, जू अधांतरी, बरोबर काकांच्या कपाळाच्या उंचीवर. कुत्री त्याखालून सरळ निघून गेली असती, तिचा कानही लागला नसता. ती जुवाखाली येण्याआधीच थांबली. काका थांबले. त्यांनी काठी वर केली, ती लाकडावर टक्कन वाजली. मग कुत्री डावीकडं वळली, गाडीला वळसा घातला आणि काकांना साहेबांच्या पुढ्यात उभं करून खाली बसली.

चपराशाचं पान तोंडात तसंच राहिलं. मी तिला दर सुट्टीत बघत आलो होतो, पण हे कधी बघितलं नव्हतं. गुडघ्याएवढं जनावर, आणि ते आपल्या डोक्यावरची मोकळी जागा दुसऱ्याच्या डोक्यासाठी मापून चालत होतं. कुत्रं शिवलं तर नमाजाला कपडे चालायचे नाहीत म्हणून साहेब शेरवानी सावरून एक पाऊल मागं सरले, पण त्यांची नजर काही तिच्यावरून हटेना.

पेशकाराला, म्हणजे कचेरीतल्या कारकुनाला, बोलावून त्यांनी हुकूम सांगितला. या आंधळ्याच्या हातात दोरी असेल तर ही कुत्री मोकाट समजायची नाही. बाजार, कचेरी, मुसाफिरखाना, जिथं हा जाईल तिथं तीही जाईल. तिला मारील तो गुन्हेगार.

मी काकांना समजावलं. मला वाटलं, झालं काम. काका जागचे हलेनात.

"सरकार, ही आता म्हातारी व्हाय लागली. ही मेली तर दुसरीला लागंल का हुकूम?"

साहेबांनी विचार केला. "लगेगा."

"आन् मी मेलो तर?"

मी काकांचा हात दाबला. साहेब हसले. "तुम मर गए तो तुमको क्या करना है?"

"मला काय करायचं? पण आंधळा मी एकटाच न्हाई ना, सरकार."

साहेब हसायचे थांबले. मग पेशकाराला म्हणाले, 'या आंधळ्याच्या' हे काट, 'कोणत्याही आंधळ्याच्या' लिही. बोरू करकरला.

पुढं मी कायद्याची जाडजूड पुस्तकं वाचली, कोर्टात उभा राहिलो. पण कायदा डोळ्यांदेखत रुंद होताना बघितला तो त्या लिंबाखाली.

पुढच्या बाजारात वाटूरला हलगी वाजली. दवंडीवाल्यानं उर्दू हुकूम आपल्या बोलीत सांगितला: "ऐका हो. कुण्या आंधळ्याच्या हातात कुत्र्याची दोरी आसंल तर त्या कुत्र्याला हात लावायचा न्हाई. आंधळा जाईल तिथं त्याचं कुत्रं जाईल. सरकारचा हुकूम हाय."

काकांच्या समोरच चिंच विकणारी एक आंधळी म्हातारी बसायची. नातू सकाळी आणून बसवायचा, दिवस मावळता घेऊन जायचा. तोवर ती जागची हलायची नाही. तिनं दवंडीवाल्याला हाक मारली.

"बेटा, फिरसे बोल. मेरे वास्ते भी है क्या?"

"व्हय अम्मा. कुणाबी आंधळ्यासाठी हाय."

मग ती काकांच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवून म्हणाली, "भाई, मेरे को एक पिल्ला देखो ना."

"बघतो," काका म्हणाले. "पण शिकवायला लई दिवस लागतेत, अम्मा."

"लगने दो," ती म्हणाली. "मैं कहाँ जा रही?"