पिंजऱ्यातला टॉवेल

दाजींचं हसं मी केलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण त्यांच्याविषयी चांगलं लिहायला लागलो की त्यामागं मी स्वतःला लपवीन. दीड महिन्यापूर्वी दाजींच्या धाकट्या भावाचा फोन आला, "मास्तर, दादा गेले." शेतातून येऊन पाणी मागितलं आणि तांब्या यायच्या आत बसल्या जागी मान टाकली... मला रडू आलं नाही. माफी मागायची राहिली, एवढंच डोक्यात आलं, आणि त्या क्षणीही मी स्वतःचाच विचार करतोय याची लाज वाटली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. हट्ट्याजवळ त्यांची शेती, पण नाव होतं ते गोऱ्हे शिकवण्यात. कुणाचा गोऱ्हा औताला खांदा देईना की दाजींना बोलावणं जायचं. ते मारत नसत. एखाद्या शांत, म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला त्याला जुंपायचे आणि स्वतः त्याच्या अंगाला अंग लावून चालत राहायचे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं पुण्याहून लॅब्राडोरचं पिल्लू आणून आमच्या कळमनुरीच्या घरी सोडलं. ब्रूनो. त्यानं आठवड्यात तीन चपला आणि सोफ्याचा कोपरा फस्त केला, तेव्हा मी नांदेडहून भला थोरला लोखंडी पिंजरा आणला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत त्याला आत बसायला शिकवू लागलो. आत बिस्किट टाकलं की आमचा दहा वर्षांचा गावठी वाघ्या जाऊन ते खायचा आणि तिथंच ताणून द्यायचा. ब्रूनो बाहेर उभा राहून भुंकायचा. फारच चुचकारलं तर मागचे पाय आत ठेवायचा आणि तोंड बाहेर, म्हणजे पळायला मोकळा. त्याच दिवसांत दाजी आले. चहा पिता पिता त्यांनी हा सगळा खेळ पाहिला.

"मास्तर, काय करून राहिले?"

"ट्रेनिंग देतोय, दाजी."

"कुणाला? मला तर तो म्हाताराच तुमाला शिकवताना दिसून राहिला."

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल पिंजऱ्यात अंथरला आणि वाघ्याला एका कडेला बसवलं. "जुना आत बसला की नवा येतंय बराबर," म्हणाले. पण नवा येईना. तेव्हा तो सहा फुटी माणूस धोतर सावरत गुडघ्यांवर टेकला आणि कमरेपर्यंत पिंजऱ्यात शिरला. "ये लेकरा, भ्यायचं न्हाई. मी हाय, हा आजा हाय..." वाघ्या त्यांचा कान चाटत होता. ब्रूनो मागून धोतर ओढत होता. आणि मग एकाएकी तो दाजींच्या पाठीवर चढला, तिथून आत घसरला आणि दोघांच्या मध्ये अंग चोरून बसला.

हे सगळं मी मागून फोनवर घेत होतो. त्यात दिसत होतं ते दाजींचं बूड आणि भेगाळलेले तळपाय. खाली लिहिलं, 'जावयाचं ट्रेनिंग चालू,' आणि पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकून दिलं. ज्या घरात जावयाला पाय धुवायला पाणी देतात, त्या घरात मी हे केलं.

महिनाभरानं औंढ्याला एका लग्नात पंगत बसली होती. वाढणारा कुणी म्हणाला, "दाजी, इथंच वाढू की पिंजऱ्यात बसता?" सगळी पंगत हसली. मीही हसलो. दाजी भरल्या ताटावरून उठले. जाताना माझ्यापाशी थांबले आणि एवढंच विचारलं, "पोरगं बसायलंय का आता आत?"

त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. राखीला, दिवाळीला अक्का एकटीच यायची. टॉवेल परत करायचं निमित्त होतं, हट्टा काही फार लांब नव्हतं. मी गेलो नाही. साल्यानं थट्टा करायची नाही तर कुणी, असं स्वतःलाच पटवत राहिलो. ब्रूनो मात्र रोज न बोलावता आत जाऊन त्या टॉवेलवर झोपायचा. अजून झोपतो. वाघ्याला आता जागा उरत नाही, तो दारात हनुवटी टेकवून पडतो.

दाजी गेले त्या दिवशी त्याच ग्रुपवर, त्याच माणसांनी हात जोडले. व्हिडिओखाली हसून लोळणारी तोंडं टाकणारेही तेच होते.

तेरवीला मी टॉवेल घेऊन गेलो. चुलीपाशी अक्काला सगळं सांगितलं. तिनं टॉवेल नाकाशी धरला, पण त्याला आता कुत्र्यांचाच वास होता. "मला काहून सांगून राहिलास?" ती म्हणाली. "मी कुठं हसले होते?"

बाहेर पंगत बसत होती. औंढ्याला होती तीच माणसं. मी मधोमध जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "तो व्हिडिओ मी काढला होता. एक पिल्लू भेदरलं होतं, म्हणून हा माणूस माझ्या घरात गुडघ्यांवर टेकला आणि मी मागं उभा राहून हसलो. तुम्हालाही मीच हसवलं." पुढचं बोलताना मी भिंतीवरच्या फोटोकडं वळलो.

"दाजी, माझं चुकलं. मला माफ करा."