रुक्मिणीबाईंची बारावी खेप

मालवणच्या बाजारात सुके बांगडे आणि सोडे विकणाऱ्या रुक्मिणी गिरकर हिला तिच्या सर्जेकोट गावात कुणी मासळीवाली म्हणून फारसं ओळखत नाही. तिची ओळख वेगळी. कुणाला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं की आधी रुक्मिणीच्या अंगणात माणसं येऊन बसतात आणि मग गाडीचं तिकीट निघतं.

हे सुरू झालं नऊ वर्षांपूर्वी. तिची नणंद पार्वती हिच्या स्तनात गाठ निघाली, तेव्हा दोघी बायका मुंबईला गेल्या आणि तीन दिवस नुसत्या या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरल्या. चौथ्या दिवशी रुक्मिणीने पदर खोचला आणि मासळीबाजारात शिरावं तशी ती हॉस्पिटलात शिरली. केसपेपर कुठे, रक्त कुठे तपासतात, कुठल्या मजल्यावरचा शिपाई गोड बोलतो, सगळं तिने डोक्यात भरून घेतलं. पार्वती बरी झाली, आजही भाकऱ्या थापते. त्यानंतर रुक्मिणीने आणखी दहा जणांना नेलं आणि पार्वती धरून अकराही माणसं आपल्या पायांनी घरी परत आली. गावाने याचं श्रेय डॉक्टरांना थोडं आणि रुक्मिणीच्या पायगुणाला जास्त दिलं. तिनेही ते नाकारलं नाही. इतकी साधी ती नाही.

गावच्या डॉक्टरांना ती नावं ठेवत नसे. तापाला, हातपाय मोडण्याला इथलेच बरे, असं ती सांगे. पण गावात एक डॉक्टर दहा आजार बघतो आणि मुंबईत एका आजाराला दहा डॉक्टर असतात, हे तिचं ठाम मत. हॉस्पिटलातलं तिचं मराठीही खास असायचं. गावात ‘कुठे’ला ‘खंय’ आणि ‘कशाला’ला ‘कित्याक’ म्हणणारी ही बाई तिथे ‘कृपया’ म्हणायची. नवरा सत्यवान यावरून तिची खूप टर उडवायचा.

यंदा पाळी सत्यवानाचीच आली. उभा जन्म होडीवर काढलेला माणूस, पण जाळं ओढताना त्याला धाप लागू लागली. मग अंगणातून घरात येतानाही लागू लागली. हृदयाची एक झडप निकामी झाली होती, ती बदलायची होती. मुंबईची तारीख चार महिन्यांनी मिळाली. ते चार महिने रुक्मिणी त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत झोपली, म्हणजे झोपलीच नाही. लोकांच्या अकरा खेपांत तिला कधी भीती वाटली नव्हती. या खेपेला वाटत होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीपर्यंतच्या तपासण्या झाल्या. शेवटची रात्र सत्यवानाने गावाच्या खोलीवर काढायची आणि सकाळी सहाला वॉर्डात हजर व्हायचं, असं ठरलं होतं. ही खोली लालबागच्या एका चाळीत, गावकऱ्यांनी मिळून घेतलेली. तिथे आबा नावाचे म्हातारे गिरणी कामगार मुक्कामाला असत आणि खोलीची देखभाल बघत. मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हे रुक्मिणीने नवऱ्याला दहा वेळा बजावलं होतं.

पहाटे निघताना आबांनी नारळ पुढे ठेवून गाऱ्हाणं घातलं. ग्रामदेवतेला हाक मारून, या लेकराची झडप नीट बसू दे, त्याला सुखरूप घरी आण, असं आबा आळवत होते आणि खोलीवर उतरलेले बाकीचे गाववाले ‘होय म्हाराजा’ म्हणत होते. रुक्मिणीचे डोळे भरून आले. गाऱ्हाणं संपलं, नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे झाले. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्याच्या हातावर पहिली शिरनी, म्हणजे प्रसाद. हे काही शिकवावं लागत नाही. रुक्मिणीने खोबरं आणि गुळाचा खडा उचलून नवऱ्याच्या हातावर ठेवला, त्याने कपाळाला लावून तोंडात टाकला आणि सगळे टॅक्सीत बसले.

वॉर्डात सिस्टरने विचारलं, रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं का? सत्यवान म्हणाला, “नाही.”

सिस्टरने तसं लिहिलं. रुक्मिणी पायाशी त्याच्या कपड्यांची घडी घालत होती. तिचे हात थांबले. तिने नवऱ्याकडे बघितलं, त्याने नजर चुकवली. म्हणजे त्याला आठवत होतं. गप्प बसावं तर जिवाला धोका, बोलावं तर चार महिन्यांनी मिळालेली तारीख जाणार. आणि गाव म्हणणार, रुक्मिणीनेच घोळ घातला. हा तिसरा विचारही तिच्या मनात आला, ते ती आजही कबूल करते आणि त्याची तिला लाज वाटते.

तिचं ते कडक इस्त्रीचं मराठी तेवढ्यात कुठल्या कुठे गेलं. “खाल्ल्यानी हा, सिस्टर. खोबऱ्याचो तुकडो. मियाच दिलंय.”

भूल देणाऱ्या डॉक्टर समीक्षा वर आल्या. त्या चिडल्या नाहीत. किती खाल्लं, किती वाजता, एवढंच त्यांनी नीट विचारून घेतलं. मग समजावलं, की पोटात अन्न असताना भूल दिली आणि उलटी झाली तर ती छातीत उतरते, आणि या छातीला ते सोसणार नाही. रुक्मिणीने खाली मान घालून विचारलं, आता पुढची तारीख कधीची?

तारीख बदलली नाही. फक्त वेळ बदलली. दुपारी ज्याचं ऑपरेशन होतं त्याला सकाळी घेतलं आणि सत्यवानाला दोन वाजता. तिथे ऑपरेशनच्या खोल्या सहा, सर्जन एकाहून जास्त, यंत्रं चालवणारी माणसं दिवसभर हजर. तालुक्याला बाहेरचे सर्जन आठवड्यातून एकदा येतात, ते चुकले की थेट पुढचा आठवडा. इथे तिची एवढी मोठी चूक त्या इमारतीने सहज पोटात घातली होती.

संध्याकाळी सात वाजता सर्जन बाहेर आले आणि झडप छान बसली म्हणाले. रुक्मिणीला दुसरं काही सुचेना, तिने त्यांना भर कॉरिडॉरमध्ये वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी तिला पाच मिनिटं आत सोडलं. सत्यवानाच्या नाकातोंडातल्या नळ्या काढल्या होत्या. ती आधी त्याच्या छातीकडे बघत राहिली. छाती सावकाश वर-खाली होत होती, धाप नव्हती. मग तिने विचारलं, “नाय म्हणान कित्याक सांगितल्यात?”

तो थांबत थांबत म्हणाला, “तुका सगळो गाव शहाणी म्हणता. माझ्यापायी तुझा नाव जातला, असा वाटला.”

रुक्मिणी तिथेच रडली, सिस्टरसमोर, डोळ्यांना पदर न लावता. “नाव घेवन काय करू? माका तुमी होयात,” ती म्हणाली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि तुम्ही मला हवे आहात, असं ती त्याला पहिल्यांदाच बोलली होती. सत्यवानाला हसू आलं, हसताना टाके दुखले, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले, तिचा हात मात्र सोडला नाही.