दुसऱ्या समुद्राची नदी

मी वाढले ती कोळ्यांची वस्ती समुद्राला इतकी चिकटून होती की उधाणाचं पाणी मागच्या दाराशी यायचं. तिथे समुद्रात हरवलेल्या माणसाला कुणी मेला म्हणत नसे. प्रेत किनाऱ्याला लागलं तरच रडारड व्हायची, नाहीतर लोक म्हणायचे, "बाहेर आहे." बहुतेक घरांतलं कुणीतरी असं बाहेर होतं. त्या घरांची दारं नुसती लोटलेली असायची, कडी लावत नसत. लहानपणी मला त्या दारांसमोरून जायची भीती वाटायची.

मग आमच्याही दाराची कडी निघाली. वादळात बाबांची होडी फुटली. बरोबरचे दोघे फळीला धरून परत आले, बाबा आले नाहीत. आयने पुढे कित्येक वर्षं मासे विकले, पण स्वतः तोंडात घातले नाहीत. का, ते मी एकदाच विचारलं.

"त्या माशांनी काय खाल्लं असंल, कुणाला ठाव," ती म्हणाली.

लग्नानंतर मी नाशिक रोडला आले. आय थकली तेव्हा तिलाही घेऊन आले. इथेही ती फ्लॅटचं दार लोटूनच ठेवायची. एका दुपारी मी कामावरून आले तर दार सताड उघडं, आणि आय रिकाम्या खुर्चीसमोर बसून हळू आवाजात बोलत होती.

"कुणाशी बोलतेस?"

"वाट सापडत नाय म्हनतात," ती म्हणाली.

त्याच रात्री नवऱ्याशी बोलून मी ठरवलं, बाबांचे विधी उरकून टाकायचे. गोदावरीवर त्यासाठी कुठून कुठून लोक येतात, आम्ही तर गावातच होतो. देह नसला तर दर्भाचा पुतळा करतात, असं गुरुजींनी सांगितलं. जावई म्हणून नवरा विधीला बसला. आय बाजूला बसून बघत होती.

"आजी, आता हातातल्या बांगड्या काढा," गुरुजी म्हणाले.

तिच्या फक्त डाव्या हातात बांगड्या होत्या. "उजव्या हातातल्या लग्नातच समुद्राला दिल्यात," ती म्हणाली. "धन्याला सांभाळ म्हनून." मग पाण्याकडे बघत तिने मला विचारलं, "ही नदी कुठं जाते गो, बाय?"

"पूर्वेच्या समुद्राला."

"म्हंजे आपल्या नाय." ती उठलीच. "हितून पाठवलेलं त्यांना कसं पोचंल?"

तो पुतळा तसाच राहिला. तिच्या हट्टाने चार दिवसांत आम्ही दोघी वस्तीवर गेलो. आमच्या घराची जागा समुद्राने घेतली होती. होड्या थोड्याच उरल्या होत्या. पोरं कंपन्यांत कामाला जात होती. पण आयच्या वयाच्या बायका होत्या, त्या तिच्याबरोबर किनाऱ्यावर आल्या.

सूर्य बुडत होता. आय गुडघाभर पाण्यात गेली आणि तिने बाबांना नावाने हाक मारली. जन्मात कधी मी तिच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं. मग दुसरीने तिच्या माणसाचं नाव घेतलं, मग तिसरीने. हाका संपल्यावर सगळ्या कान देऊन उभ्या राहिल्या.

"ऐकलंस?" आयने मला विचारलं.

मला फक्त लाटा ऐकू येत होत्या. मी मान हलवली, हो म्हणून.

"मी आता हितंच राहते," ती म्हणाली. "माझ्या घरी चल," म्हणत शेजारी उभ्या म्हातारीने तिचा हात धरला. दुसऱ्या दिवशी मी एकटीच नाशिकला परतले.