एकच गाणं, पण पुरं

इस्माईलभाईंनी मला फसवलं, असं मी दोन वर्षं दोह्यात सांगत फिरलो. ते खोटं आहे. फसवलं मी त्यांना, भरल्या हॉलमध्ये, माइकवरून, आणि वर त्याबद्दल अंगावर शाल घेतली. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे सवयीप्रमाणे मला यात घासाघीस करता येणार नाही.

त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी इंडस्ट्रियल एरियात एका पत्र्याच्या व्यापाऱ्यासमोर बसलो होतो. एसीच्या हवेचे डक्ट बनवायचा माझा धंदा आहे. बावीस वर्षांपूर्वी फिटर म्हणून आलो, आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. व्हॉइस मेसेज मारुतीचा होता. मारुती माझ्याकडचा जुना फिटर, मंगळवेढ्याकडचा. "शेट, इस्माईलभाई गेले. तिकडं गावाला, श्रीवर्धनकडं. झोपेतच गेले म्हणत्यात." मी फोन कानाला लावून ऐकला. समोरचा व्यापारी म्हणत होता, "यल्ला भाई, फायनल बोलो." मी फोन खिशात ठेवला, आणखी वीस मिनिटं भांडलो, भाव खाली आणला, त्याचा चहा प्यायलो आणि मगच गाडीत येऊन बसलो. किल्ली फिरवायला हात पुढे केला तर अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता... एक, दोन, तीन, चार. ती इस्माईलभाईंची, मात्रा मोजायची सवय. माझ्या हातात कधी आली, मला कळलंही नव्हतं.

त्यांची ओळख झाली ती माझ्या रागातून. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंताक्षरीत मी उभं राहून एक गाणं म्हटलं आणि लोक हसले. हसू दाबून हसले असते तरी चाललं असतं. घरी येताना माझी मुलगी तन्वी, तेव्हा बारा वर्षांची, मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट सिंग. यू ऑल्वेज कम इन टू अर्ली." मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी रात्रभर धुमसत राहिलो. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये विचारलं, गाणं शिकवणारा कोणी आहे का रे? मारुती म्हणाला, "आपल्या कॅम्पात हायत की. इस्माईलभाई. दर शुक्रवारी बसतो आम्ही."

माझी माणसं बिरकत अल अवामेरला राहतात. दक्षिणेला, शहर संपल्यावर कामगारांच्या इमारतींच्या रांगाच रांगा आहेत, तिथे; त्यालाच सगळे कॅम्प म्हणतात. इस्माईलभाई त्याच इमारतीत राहत. दुसऱ्या एका कंपनीत ते स्टोअरकीपर होते. साठीला आलेले, बारीक, पांढरी दाढी नीट कातरलेली, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. गाणं ते कुठे शिकले विचारलं तर म्हणत, "गावात कव्वालीवाल्यांच्या मागं बसून टाल्या वाजवल्या चालीस वर्सं, तीच शाला." कोकणी मुसलमानांच्या बोलीत 'ळ' फारसा येत नाही; त्यांच्या तोंडून टाळी नेहमी 'टाली' म्हणूनच आली. आज ती मला तशीच ऐकू येते.

शुक्रवारी चार वाजता, नमाज, जेवण आणि झोप उरकून कॅम्पच्या मेसमध्ये सात जण जमायचे. कोणी ड्रायव्हर, कोणी सुतार, कोणी वेल्डर. बूट दाराशी. पेटी नाही, तबला नाही. दुधाच्या पावडरीचा एक मोठा रिकामा डबा, त्याच्या तोंडाला रबराची ट्यूब ताणून बांधलेली आणि मध्यावर लाल इन्सुलेशन टेपचा तुकडा. मी आत शिरलो आणि धंद्यासारखंच बोलायला लागलो.

"मला बारा गाणी पाहिजेत. तीन महिन्यांत."

"एक," इस्माईलभाई म्हणाले.

"दहा करा."

"एक."

"अहो, पाच तरी! तुम्ही सांगाल ते देतो."

"पैसे नकोत, येताना चाय आना सगल्यांना. आनि गानं एकच. पन पुरं."

कतारमध्ये आल्यापासून मी एकही सौदा इतक्या वाईट रीतीने हरलो नव्हतो. सातही जण खाली मान घालून हसत होते, त्यात मारुतीही. मला तेव्हाच वाटलं, हा माणूस आपल्याला गंडवतोय. माझ्या मनातली ती अढी त्याच क्षणी बसली. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

त्यांनी निवडलेलं गाणं जुन्या सिनेमातलं, सगळ्यांना तोंडपाठ, रेडिओवर ऐकून ऐकून गुळगुळीत झालेलं. ते म्हणत, नव्या माणसाला अवघड चीज द्यायची नाही. जे त्याच्या तोंडात आधीच आहे तेच उचलायचं. "गानं तुमाला येतंय. सम कुठं हाय तेवढं ठाव नाय." मग त्यांनी काय केलं, तर आम्हाला चालायला लावलं. मेसची टेबलं भिंतीला लावून गोल चालायचं. आठ मात्रा, आठ पावलं. पहिल्या पावलावर पाय आपटायचा, ती सम. पाचव्या पावलाला हात उलटा करून नुसता हवेत सोडायचा, ती खाली. ते डबा वाजवत आणि आम्ही गाणं मनातल्या मनात म्हणायचं, तोंडाने नाही. पहिला शुक्रवार गेला, दुसरा गेला. चौथ्या शुक्रवारी माझा भडका उडाला.

"मी काय इथे परेड करायला येतो? गाणं कुठेय?"

डबा थांबला नाही. वाजवता वाजवताच ते म्हणाले, "शेट, तुमी समेवर सगल्यांच्या आधी पोचताव. रोज. भाव करताना बरं हाय ते, गान्यात मातर दुसऱ्यांची वाट बघावी लागते."

सात जण पुन्हा हसले. मी बूट घातले, दारापर्यंत गेलो... आणि परत आलो, कारण तन्वीनेही हेच सांगितलं होतं. टू अर्ली. दोन माणसं एकमेकांना न भेटता माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगत होती.

सातव्या की आठव्या शुक्रवारी ते घडलं. गोल चालताना माझ्या पुढे मारुती होता. मी त्याच्या टाचेकडे बघत होतो, आणि एकदम माझा पाय नि त्याचा पाय एकत्र पडला, बाकीच्या सहांचेही पडले, आणि डब्यावर लाल टेपवर थाप पडली. सगळं एका जागी. चाळिशी उलटलेल्या माणसाने हे लिहावं की नाही मला माहीत नाही, पण पुढच्या समेवर मी लहान पोरासारखा जोरात पाय आपटला. इस्माईलभाईंनी नुसती मान हलवली. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा तोंडाने गायला सांगितलं. पुढे महिनाभरात ध्रुवपद आणि दोन कडवी बसली. तिसरं, शेवटचं कडवं राहिलं होतं. त्यात लय जरा वळते, घाई नको, असं ते म्हणायचे.

मला मात्र घाई होती. मंडळाचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता आणि मी आठ जणांचं समूहगान म्हणून नाव देऊन टाकलं होतं. अध्यक्षांनी फोन केला, "दिलीपराव, निवेदनात मार्गदर्शक म्हणून कोणाचं नाव टाकू?" बाकीच्या गटांचे शिक्षक पदव्या लावणारे होते, कोणी विशारद, कोणी आणखी काही. माझ्या डोळ्यांसमोर तो पावडरीचा डबा आला, आणि मला त्याची लाज वाटली. ज्या डब्याने मला सम दाखवली, त्याचीच. मी म्हणालो, "माझंच टाका."

इतकं सोपं होतं ते. दोन शब्द.

इस्माईलभाईंना मी सांगितलं, पास संपले. पास माझ्या गाडीच्या खणात होते. ते म्हणाले, "चालतंय शेट. शेवटचं कडवं गाऊ नका पन, ते झालं नाय अजून." मी हो म्हणालो. डब्याऐवजी मी एक तबलजी ठरवला. पोरांनी मार्गदर्शकाचं नाव स्टेजवरच ऐकलं, पण बोलणार कोण? मारुतीचा व्हिसा माझ्या कंपनीवर आहे. बाकीचेही कुठे ना कुठे माझ्या ओळखीनेच लागलेले. मी गप्प बसवलं नाही कोणाला. गरजच पडली नाही.

दोन कडवी छान झाली. लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि त्या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं. मी तबलजीकडे बघून इशारा केला आणि तिसरं कडवं उचललं. एकट्याने, समेच्या आधी. तबलजी माझ्यामागे धावला, पोरं तबल्यामागे, आणि दोन ओळींत आठ माणसं आठ दिशांना गेली. पुढच्या रांगेतले चेहरे मला दिसत होते. अंताक्षरीतलेच चेहरे.

तेव्हा हॉलच्या अगदी मागून टाळी आली. मोठी नव्हती, पण सरळ होती. एक टाळी, मग चार पावलांइतकी जागा, मग एक मोकळी, उलट्या हाताची शांतता, मग पुन्हा टाळी. मारुतीने मान वर केली. सातही जणांनी केली. त्यांचे पाय उभ्या जागी हलायला लागले, आणि पुढच्या समेला ते सगळे परत एकत्र आले. शेवटी मीही आलो. आम्ही तिसरं कडवं सोडून ध्रुवपदावर संपवलं. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. अध्यक्षांनी मला शाल घातली. मी ती घेतली.

बाहेर व्हरांड्यात इस्माईलभाई उभे होते, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. मारुतीने स्वतःचा पास त्यांना दिला होता आणि स्वतः कलाकारांच्या दाराने आला होता. मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो, "मधेच टाळ्या वाजवून माझी लाज काढलीत. गाणं पुरं देतो म्हणालात आणि अर्धं दिलंत. फसवलंत मला."

शाल माझ्या खांद्यावर होती. ते तिच्याकडे बघत नव्हते, माझ्या उजव्या हाताकडे बघत होते; अंगठा तेव्हाही पेरांवर फिरत असणार. म्हणाले, "पुरं नाय झालं, खरं हाय. शुक्रवारी या. एकच कडवं रायलंय."

मी गेलो नाही. त्या शुक्रवारी नाही आणि नंतरही नाही. गाडीत तन्वीने विचारलं होतं, "बाबा, हू वॉज क्लॅपिंग? ही सेव्ड यू." मी म्हणालो, "होता कोणीतरी येडा." पुढे जिथे विषय निघाला तिथे सांगत राहिलो, की कॅम्पातला एक जण शिकवायच्या नावाखाली लोकांना नुसता गोल गोल चालवतो. पुढच्या वर्षी त्यांच्या कंपनीने त्यांचा व्हिसा कॅन्सल केला आणि ते गावी गेले. जाताना त्यांनी मला मेसेज केला होता: 'शेट, एक कडवं.' मी उत्तर दिलं नाही. मेसेज अजून फोनमध्ये आहे.

बातमी आली त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी बिरकतला गेलो. मला वाटलं होतं मेस रिकामी असेल. दाराशी दहा-बारा जोड बूट होते. टेबलं भिंतीला. नवी पोरं गोल चालत होती आणि डबा मारुती वाजवत होता. लाल टेप झिजून गुलाबी झाली होती. मी थांबलो, आणि थांबल्यावर मला जे येतं तेच केलं. म्हणालो, "मारुती, हा डबा मला दे. बदल्यात नवी पेटी देतो, तबल्याची जोडी देतो."

"न्हाय शेट."

"अरे, दोन्ही देतो. चांगल्यातली."

"डबा न्हाय मिळायचा." वर्कशॉप काढल्यापासून माझ्याकडच्या कोणी मला असं उत्तर दिलं नव्हतं. वाजवणारा हात त्याने थांबवला नाही. "बसायचं आसंल तर बसा. बूट काढा."

मी बूट काढले. तिसऱ्या कडव्याचे शब्द सगळ्यांना पाठ आहेत, लयीचं वळण मात्र मारुतीलाही पुरतं येत नाही. इस्माईलभाईंनी ते त्यांनाही दिलं नव्हतं. शेट आल्यावर घेऊ, म्हणायचे म्हणे... ते शेवटपर्यंत माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. आम्ही तिथपर्यंत गातो आणि परत पहिल्यावर येतो.

तन्वीला मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "देन व्हाय इज युअर नेम स्टिल देअर?" मंडळाच्या पानावर त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आहे आणि त्याखाली लिहिलंय, मार्गदर्शन, पुढे माझं नाव. मी अध्यक्षांना फोन केला, नाव बदला. ते म्हणाले, "जाऊ द्या हो दिलीपराव. माणूस गेला. आता कशाला उकरता? मंडळाचंही बरं दिसत नाही."

म्हणून हे जाहीर लिहितोय. अध्यक्षसाहेब, ते नाव पुसा. यंदाच्या कार्यक्रमात बिरकतचा डबा स्टेजवर येईल, मारुती तो वाजवेल. त्याच्या नोकरीला यामुळे धक्का लागणार नाही, हे मी इथे लिहून देतो. आणि गाणं सुरू होण्याआधी तुम्ही, किंवा त्या सातांपैकी कोणीही, माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर मला विचारायचं: इस्माईलभाईंचं नाव त्या दिवशी कुठे गेलं होतं? मी समोरच उभा असेन. या वेळी समेच्या आधी बोलणार नाही. पण कोणीतरी विचारा.