जावयाच्या हाती घण

जावयाला शिवी देता येत नाही, हा आपल्या समाजातला सगळ्यात मोठा दोष आहे. बाकीच्या दोषांवर लोक भाषणं ठोकतात, याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही!

एरवी मलाही काही वाटलं नसतं. जावई दिवाळीला येतो, करंज्या खातो, जातो. तेवढा वेळ तोंड बंद ठेवणं कोणालाही जमतं. पण माझा जावई माझ्याकडे लोहारकाम शिकायला आला, आणि लोहारकाम शिव्यांशिवाय शिकवता येत नाही. मला वडिलांनी शिकवलं. भट्टीवर त्यांनी मला कधी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. लोखंड लाल असतं ते जेमतेम दोन श्वास. त्यात "जरा डावीकडे मारता का?" असं आर्जव करत बसलं तर ते काळं पडतं. शिवी छोटी असते, वेळेवर पोचते.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी मंत्रालय! बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत चहावालासुद्धा "ऊपर तक पहचान है" असं म्हणून कप धुवायचा. अशा दिवसांत घण मारायला कोण येतो? माझ्याकडे शिकायला आलेले सगळे नव्या बंगल्यांवर वॉचमन झाले. मला मुलगा नाही. आजोबांनी भंडाऱ्याहून बैलगाडीत घालून आणलेली ऐरण माझ्यानंतर कोणाची, या विचारानं मला जेवण जात नसे. कोपऱ्यावरचा भंगारवाला येता-जाता तिच्याकडे असा बघायचा की त्यालाच भट्टीत घालावा!

तेवढ्यात चौबे कॉलनीत दिलेल्या आमच्या मुलीच्या, वर्षाच्या, नवऱ्याची, म्हणजे प्रमोदरावांची, पाण्याचे फिल्टर विकणारी कंपनी बुडाली. आणि हा मुलगा स्वतःहून म्हणाला, "पापाजी, मुझे भट्टी का काम सिखाइए।" (आमचा जावई मराठी सगळं समजतो, उत्तर हिंदीत देतो.) मी आनंदानं घरी सांगितलं, तर बायकोनं आधी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"जवाई आहेत ते. भट्टीवर तोंड सांभाळजा."

"मी काय रोज शिव्या देतो काय?"

"काल भात्यालेही देऊन राहिले होते!"

तर पहिल्या दिवसापासून मी गोड बोललो. लोहाराच्या कामात दोघं लागतात. उस्ताद एका हातात सांडशीनं लाल लोखंड धरतो, दुसऱ्या हातातल्या छोट्या हातोडीनं जिथं टक् करतो, तिथं समोरच्यानं घण घालायचा. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. एवढंच शास्त्र! प्रमोदराव ताकदीचे होते, पण घण खाली येताना डोळे मिटायचे. मी टक् करायचो इथं, घण पडायचा तिथं. कधी ऐरणीच्या कडेवर, कधी जमिनीवर, एकदा तर माझ्या चपलेवर. (पाय नुकताच काढला होता. देव आहे!)

"फारच छान, जवाईबापू," मी म्हणालो. "फक्त पुढच्या वेळी लोखंडावर."

"जी पापाजी।"

घशात आलेली शिवी गिळून गिळून मला आंबट ढेकर यायला लागले. राग कुठं तरी निघणारच! तो गिऱ्हाइकांवर निघाला. अभनपूरहून एक शेतकरी सब्बल, म्हणजे आपली पहार, सरळ करायला घेऊन आला होता. प्रमोदरावांनी घण घातला आणि ती पहार कमरेत वाकली. शेतकऱ्यानं ती उलटीपालटी करून शांतपणे विचारलं, "मिस्त्री, ये सब्बल हे के हँसिया?" (पहार आहे की विळा!)

मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बिचाऱ्याचा दोष एवढाच, की तो माझा जावई नव्हता. मी जातीचा उस्ताद म्हणवतो, आणि ज्याचं चुकलं त्याला चहा पाजतो, ज्याचं वाकलं त्याला हाकलतो!

आणखी एक भानगड होती. प्रमोदराव घण उचलला की माझ्या तोंडाकडे बघायचे. तोंड गप्प असलं तरी चेहरा कुठं झाकणार? माझे डोळे बघितले की त्यांचा नेम आणखी चुकायचा. शेवटी मी त्यांना बसवून सांगितलं, "तोंडाकडे पाहायचं नाही. विचार करायचा नाही. फक्त हातोडी पाहायची. हातोडी जिथं टेकली तिथं घण! मी काही बोललो तरी ऐकायचं नाही. घण नेहमी खांद्यावर तयार."

त्याच आठवड्यात वर्षानं त्यांच्या कानात कापसाचे बोळे घालून पाठवलं. "बाबा, तिथं आवाज किती होते! यायचे कान जातीन नं." मला मात्र हे वरदान वाटलं. आता मी हसऱ्या चेहऱ्यानं, ओठ फार न हलवता, वडिलांकडून आलेला सगळा शब्दसंग्रह मोकळा करायला लागलो. समोरून सवयीनं उत्तर यायचं, "जी पापाजी।" दोघंही सुखी होतो.

आणि मग इवाई आले.

इवाई म्हणजे व्याही, प्रमोदरावांचे वडील. रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मूळचे आमच्याच समाजातले, पण दोन पिढ्या त्यांच्या घरात कोणी लोखंडाला हात लावलेला नाही, आणि हे ते मुंज झाल्यासारखं सांगतात. त्यांची एक स्कूटर होती. रोज सकाळी तिला ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं पुसायचे. बाहेर पोट्टे सीटवर बसतात म्हणून त्यांनी ती थेट भट्टीच्या खोलीत आणली आणि माझ्या ऐरणीला खेटून उभी केली. मला न विचारता! माझ्या भट्टीत! पण मुलीचा सासरा. मी खुर्ची पुसून दिली.

"इवाईबुवा, बोलून टाकतो," ते बसत म्हणाले. "मंत्रालयात ओळख निघाली. प्रमोदले बाबूची जागा भेटते. आजच घेऊन जातो त्याले."

हा गेला की भट्टी गेली. ऐरण भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेली मला डोळ्यांसमोर दिसली. प्रमोदराव मात्र भट्टीजवळ, खांद्यावर घण, कानात बोळे, कोळशातलं लोखंड लाल व्हायची वाट बघत उभे. त्यांना यातलं काही ऐकूच गेलं नाही.

"आत्ताच तर हात बसून राहिला त्यांचा," मी म्हणालो. (खोटं! साफ खोटं!)

"काहून बसवता? काय ठेवलं आहे लोखंडात? सगळं रेडिमेड भेटते आता. ही माही गाडी पाहा. कंपनीचं काम! इतक्या वर्षांत कुठं ठोकावं नाही लागलं."

आता मला सांगा, माणसानं किती गिळावं? जावयाला बोलायचं नाही. इवायाला तर त्याहून नाही. बायको घरी, गिऱ्हाईक एकही नाही, अभनपूरवाला तर माझ्या गल्लीचं नाव काढत नव्हता. उरलं कोण? स्कूटर! मी उठलो. हातात हातोडी होतीच.

"याले लोखंड म्हणता?" मी ओरडलो आणि तिच्या पुढच्या मडगार्डवर हातोडी टेकवली. टक्!

धाड्!

क्षणभर मला वाटलं भट्टी फुटली. बघतो तर मडगार्ड चाकाला मिठी मारून बसलेलं, आणि प्रमोदराव घण पुन्हा खांद्यावर घेऊन माझ्या हातोडीकडे एकटक बघत उभे.

"अहो, थांबा!" मी दोन्ही हात हलवले. हलणाऱ्या हातातली हातोडी डिक्कीला लागली. टक्.

धाड्!

"पोट्ट्या, बाप आहे मी तुहा!" इवाई खुर्चीवर चढून किंचाळत होते. ज्याच्या कानात बोळे, त्याला बाप काय आणि सासरा काय! मला एकदम आठवलं की थांबण्याची खूण म्हणजे हातोडी ऐरणीवर आडवी ठेवणं. मी ऐरणीकडे झेपावलो. मध्ये स्कूटर! तोल गेला, सावरायला हात टेकला, तो हेडलाइटवर. टक्.

धाड्!

हेडलाइटची काच थोडी थोडी गळत होती.

आता यापुढचं सांगायची मला लाज वाटते. मी त्या तीन घावांकडे बघितलं. मडगार्डवर जिथं टेकवलं होतं, बरोबर तिथं. डिक्कीवर, बरोबर तिथं. हेडलाइट तर मधोमध! इतके दिवस कपाळ बडवून घेतलं, तेव्हा एक घाव जागेवर पडला नाही, आणि आज ओळीनं तिन्ही! डोळे उघडे ठेवून! इवाई समोर थरथरत होते, मुलीचं सासर धोक्यात होतं, हे सगळं मला कळत होतं. पण उस्तादाच्या तोंडाला अक्कल नसते. छाती भरून आली आणि मी गरजलो, "शाब्बास रे पठ्ठ्या! शाब्बास!"



प्रमोदरावांनी कानातले बोळे काढले. "क्या बोले पापाजी?"

"शाब्बास म्हणते!" इवाई कडाडले. "माह्या गाडीचा चेंदामेंदा केला आन् हा माणूस तुले शाब्बास म्हणते! तुमचं दोघायचं आधीच ठरलं होतं! चाल घरी. सोमवारपासून मंत्रालय!"

प्रमोदरावांनी आधी स्कूटरकडे बघितलं, मग घणाकडे, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता.

"गाड़ी का माफ कर दो, बाबूजी। लेकिन मैं नहीं जाऊँगा। आज पहली बार सही जगह लगा है।"

मला रडूही येत होतं आणि त्याच वेळी त्या पोराच्या कानाखाली आवाजही काढावासा वाटत होता. आनंद आणि राग असे एकाच वेळी आले की माणसाला उचकी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

इवाई खुर्चीवरून उतरले, आणि तिच्यावर नीट मांडी घालून बसले.

"ठीक आहे. माही गाडी पहिल्यासारखी होयेपर्यंत मी इथून हालत नाही. माह्या डोळ्यांसमोर ठोकाल!"

स्कूटर दुरुस्त होऊन किती तरी काळ लोटला. इवाई मात्र अजून येतात. रोज सकाळी पोराच्या मागे त्याच स्कूटरवर बसून, वर्तमानपत्र घेऊन. घरी बसून काय करणार, म्हणतात. माझ्या भट्टीतली एकुलती एक खुर्ची त्यांची, आणि दुपारचा डबा माझ्या घरचा. तिथून ते मला शिकवतात. "इवाईबुवा, जरा हळू मारा." "हे वाकडं नाही वाटून राहिलं तुमाले?" प्रमोदरावांचा हात आता असा बसलाय की माझं चुकलं तर तेही मान हलवतात आणि म्हणतात, "पापाजी, हथौड़ी मुझे दीजिए।"

मी वारस मागितला होता. मिळाले दोन मालक, आणि दोघांपैकी एकालाही शिवी देता येत नाही! गिऱ्हाइकं कौतुकानं म्हणतात, "मिस्त्री, किती शांत झालात हो!" परवा ठरवलं, आज घरी जाऊन दिवसभराचं सगळं बायकोवर काढायचं. दारातूनच आवाज चढवला, तर ती आतून म्हणाली, "ओरडा नं, खुशाल ओरडा. पण आधी इवायाचा डबा घासून ठेवा. उद्या त्यायले भरली वांगी पाहिजेत."

मी घासला. आणि खरं सांगतो, नीट निघाला नव्हता, म्हणून तिनं परत घासायला लावला.