खांबाशी संसार

मला एका जागी बसवत नाही. जेवताना गुडघा हलतो, दाढी करताना मी खोलीभर फिरतो, आणि एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत तीन वेळा उठून उभा राहतो. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी बांधूनच पाठवलाय. असा माणूस नट झाला याचं गावात कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटायला हवं होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती गोष्ट माझ्याही फार उशिरा ध्यानात आली.

आमच्या गावात गावदेवीच्या जत्रेला दरवर्षी नाटक व्हायचं. तालीम मारुतीच्या देवळात. पुरुषांची कामं गावातलेच लोक करायचे. बाईच्या कामाला मात्र कल्याणहून नटी ठरवलेली असायची आणि ती उगवायची थेट नाटकाच्या दिवशी, दुपारच्या गाडीने. तोवर दोन-अडीच महिने नायकाने तिच्याऐवजी देवळाच्या खांबाशी बोलायचं, अशी पद्धत. नटीची वाक्यं गिरणीवाला वाचायचा, तीही पुस्तकातून मान वर न करता, एकसुरात. नव्वदच्या सुमारास मी पहिल्यांदा नायक झालो तेव्हा खांबासमोर उभा राहून मला घाम फुटला.

तालीम घेणारे काका ओरडले, "अरे, खांबाला काय लाजतंस? बायको समज त्याला. मारत नाय तुला तो."

मी समजलो. खांबाला मी मनवलं, दटावलं, त्याच्यासाठी रडलो. खरं सांगायचं तर माझ्यासारख्याला खांब फार सोयीचा होता. तो जागचा हलत नसे, मी त्याच्याभोवती हव्या तेवढ्या फेऱ्या मारायचो, आणि तो काय उत्तर देणार हे मला आधीच पाठ असायचं.

जत्रेच्या दिवशी नटी आली. पडद्यामागे ट्रंकेवर बसून तोंडाला रंग लावता लावता तिने विचारलं, "यात माझा नवरा कोण?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"बरं. दुसऱ्या अंकात हात जोरात ओढू नकोस. बांगड्या काचेच्या आहेत."

नाटक झकास झालं. शिट्ट्या पडल्या. रंग पुसताना ती म्हणाली, "चांगलं करतोस रे. पण माझ्याकडे बघत नाहीस. माझ्या मागच्या बांबूकडे बघतोस." ही गोष्ट मी पुढे वर्षभर गावात हसत हसत सांगत फिरलो.

मग मुरबाडला कारखान्यात नोकरी, पाळी सुटली की हौशी नाटकं, आणि तिथून ओळखीपाळखीने सिनेमात लहानसहान कामं. कधी हवालदार, कधी टेम्पोवाला, कधी पहिल्याच रिळात मरणारा भाऊ. जत्रेला गेलो की पारावरची मंडळी विचारायची, "काय रे, औंदा किती वेळा मेलास?" एकदा बहिणीची पाठवणी करतानाचा प्रसंग होता. बहिणीचं काम करणारी मुलगी आपलं चित्रीकरण आटपून निघून गेली होती. सहायकाने कॅमेऱ्याशेजारच्या स्टँडवर काळी पट्टी चिकटवली आणि म्हणाला, "ही तुमची बहीण." चांगले चांगले नट इथे अडखळतात म्हणे. मला तर गावाकडचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं. पहिल्याच टेकला मी असा रडलो की दिवे धरणारी पोरंही गप्प झाली.

तिथून माझं बरं चाललं. 'त्या शहापूरवाल्याला बोलवा, त्याला समोर कोणी नसलं तरी चालतं', अशी माझी ख्याती झाली. मी नोकरी सोडली. तोवर लग्न होऊन शहापूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो होतो. बायको तिथेच शाळेत शिकवायची. ती भातसानगरची, वडील धरणावर नोकरीला. मुलगी बघायला गेलो तेव्हा बोलायला काही सुचेना म्हणून मी तिला खांबाची गोष्ट सांगितली होती. ती खूप हसली होती.

पण सिनेमात माझं मन रमेना. तिथे माझे तुकडे दिसायचे, कधी तोंड, कधी पाठ. मला रंगमंचावर अख्खं उभं राहायचं होतं. दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी ती संधी आली. मुंबईचं व्यावसायिक नाटक, नवरा-बायकोची मुख्य कामं, आणि बायकोच्या भूमिकेत एक नावाजलेली ज्येष्ठ नटी. मी आनंदाने शहापूरच्या स्टँडपासून घरापर्यंत पळत आलो.

आठवडाभर तालीम झाली आणि एके दिवशी ती ज्येष्ठ नटी मध्येच थांबली. माझ्याशी नाही, दिग्दर्शकाशी बोलली. "याला सांगा, मी इथे आहे."

दिग्दर्शकाने मला बाहेर नेलं. "समोरच्या माणसाकडे न बघता सिनेमात चालत असेल. इथे नाही. पहिल्या प्रयोगाआधी जमलं नाही तर मी दुसरा नट उभा करीन."

मी बघत तर होतो! डोळे तिच्याकडेच होते. आणखी कसं बघतात? घरी आल्यावर मी बायकोच्या हातात संहिता दिली आणि म्हटलं, तू तिची वाक्यं वाच. ती खुर्चीवर बसली, मांडीवर संहिता, पुढ्यात निवडायची मेथी. मी नेहमीसारखा खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत सुरू झालो. अंक रंगला. शेवटचं वाक्य म्हणून वळलो तर खुर्ची रिकामी.

"कसं झालं?" मी विचारलं.

"मी कवाच उठले," स्वयंपाकघरातून आवाज आला. "डाळ लागली खाली."

"मग वाक्यं कोणी दिली?"

"कोणीच नाय. तुमाला लागतच नाय कोण."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

पुढच्या रविवारी दुपारी पुन्हा बसलो. शेवटच्या अंकात नवरा विचारतो, "एवढ्या वर्षांत तू सुखी होतीस ना?" बायको म्हणते, "हो." मग तो म्हणतो, "चल, चहा टाक." मी खिडकीकडे जाता जाता विचारलं, "एवढ्या वर्षांत तू सुखी होतीस ना?"

"नाय," बायको म्हणाली.

"चल, चहा टाक," मी म्हणालो.

तिने संहिता मिटली. "मी नाय म्हटलं."

"अगं, त्यात हो आहे."

"त्यात असंल. विचारलंत मला ना?"

"तालीम चाललीय ना आपली?"

"मग खांब आणा घरात," ती म्हणाली आणि वाळलेले कपडे काढायला बाहेर गेली.

मी चपला घालून स्टँडवर गेलो, मुरबाडच्या गाडीत चढलो, सुटायच्या आत उतरलो, परत आलो. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी मला तिची पहिल्यांदा भीती वाटली. काय नाय, कशाचं नाय, हे विचारायला माझी जीभ रेटेना. ती डबा भरून देत राहिली आणि मी मुंबईला तालमीला जात राहिलो. दिग्दर्शक माझ्याकडे बघून मान हलवायचा. दुसरा नट येऊन मागच्या खुर्चीत बसू लागला होता.

तरीही पहिला प्रयोग मलाच मिळाला, बहुधा जाहिरात छापून झाली होती म्हणून. दुपारचा प्रयोग. बायको सुट्टी घेऊन आली होती, कडेच्या खुर्चीत बसली होती. दोन अंक मी कसेबसे ओढले. शेवटच्या अंकात मी नटीला विचारलं, "एवढ्या वर्षांत तू सुखी होतीस ना?"

आणि ही आता काय म्हणेल, तेच मला कळेना. नाटक मला उलटंसुलटं पाठ होतं. तरी वाटलं, ही नाही म्हणाली तर? मी थांबलो. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. कुंकू एका बाजूला फिसकटलं होतं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि कितीतरी दिवस ती अशीच बघत असणार.

"हो," ती म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. मी तसाच बघत राहिलो. चहाचं वाक्य डोक्यातून पार उडालं होतं. शेवटी तिनेच हळू विचारलं, "चहा टाकू?" आणि तिचे डोळे भरून आले.

पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात. दिग्दर्शकाने मला मिठी मारली. "हा थांबा रोज घे!" दुसरा नट माझा हात दाबून निघून गेला. भूमिका माझी झाली होती.

परतीच्या गाडीत बायको एवढंच म्हणाली, "तिच्याकडं बघितलंत आज."

"हो."

मग शहापूर येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी एकदाही जागचा उठलो नाही.

सकाळी ती शाळेला निघायची तयारी करत होती. आरशासमोर वेणी घालत होती. मी तोंडात ब्रश धरून फेऱ्या मारत होतो. चूळ भरून आलो आणि दारातच उभा राहून विचारलं, "तू सुखी आहेस का?"

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. "आधी बसा."

मी बसलो.

"गुडघा थांबवा."

मी गुडघ्यावर हात दाबून धरला. तिने अर्धी वेणी तशीच सोडली, खुर्ची माझ्यासमोर ओढून घेतली आणि बोलायला लागली. त्यातलं एकही वाक्य मला पाठ नव्हतं.